शेवट हरवलेली गोष्ट

रेडिओवरून टीव्हीविषयी बोलायचं म्हणजे थोरल्या जावेनं धाकटीची गाऱ्हाणी सांगण्यासारखं आहे. ऐकणारे गालातल्या गालात हसणार, हे मी गृहीतच धरते. शिवाय मालिकांवर टीका करणं आता फार सोपं झालंय. भरजरी साडी नेसून फोडणी देणारी सून, दाराआड उभी राहून ऐकणारी नणंद, एकाच चेहऱ्यावर तीनतीनदा आदळणारा कॅमेरा, यांच्यावरचे विनोद आता खुद्द मालिकांइतकेच शिळे झालेत. त्यात भर घालण्याची माझी इच्छा नाही. मला एक जुना हिशेब मांडायचा आहे. टीव्हीवरची मालिका आणि सिनेमा यांचं नातं कसं जुळलं, कुठे तुटलं, आणि त्या तुटण्यात आपल्या हातून काय निसटलं, याचा हा हिशेब.

मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. दिल्लीत प्रायोगिक प्रसारण १९५९ पासून होतं, त्यानंतरचं देशातलं दुसरं केंद्र मुंबईचं. मुंबईहून निघालेल्या लहरी खाडी ओलांडून आमच्या पनवेलपर्यंत पोचायच्या, पण वारा सुटला की छपरावरचा अँटेना फिरवायला कुणीतरी चढावं लागे. आमच्या मोहल्ल्यात पहिला टीव्ही आला तो आखातात नोकरीला असलेल्या एका चाचांच्या घरी. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी सिनेमा आणि गुरुवारी ‘छायागीत’ बघायला त्यांच्या ओटीवर एवढी गर्दी होई, की चपलांचा ढीग गल्लीपर्यंत यायचा. ‘आमची माती आमची माणसं’ लागलं की मात्र ओटी रिकामी. म्हणजे टीव्ही आमच्याकडे आला तो सिनेमाचं बोट धरून. लोकांना घरात हवा होता तो सिनेमाच, तोही फुकटचा. टीव्हीची स्वतःची अशी गोष्ट तेव्हा नव्हती.

ती घडवली नाटकवाल्यांनी आणि साहित्यानं. मराठीत हे विशेष झालं. दूरदर्शनचा स्टुडिओ म्हणजे तीन भिंतींचा नेपथ्याचा तुकडा. समोर दोन-तीन कॅमेरे. सिनेमात एकेक तुकडा वेगवेगळा टिपून नंतर जोडतात. इथे प्रवेश सलग व्हायचा, रंगमंचावर होतो तसा. त्यामुळे पाठांतर चोख असलेला, आवाजावर हुकूमत असलेला नट लागायचा, आणि असे नट मुंबई-पुण्यात मुबलक होते. गोष्टीही तयार होत्या, पुस्तकांत.

चिं. वि. जोश्यांच्या चिमणरावाचा प्रवास याचं चांगलं उदाहरण आहे. पुस्तकातला चिमणराव आधी पडद्यावर आला तो मास्टर विनायकांमुळे. ‘लग्न पहावं करून’ हा चित्रपट १९४० चा, ‘सरकारी पाहुणे’ १९४२ चा. दोन्हींत चिमणराव होते दामूअण्णा मालवणकर आणि गुंड्याभाऊ होते विष्णुपंत जोग. मग सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हाच चिमणराव दूरदर्शनवर अवतरला, दिलीप प्रभावळकरांच्या रूपात. बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले. लोकांनी या जोडीवर इतका जीव लावला, की १९७९ मध्ये त्यांनाच घेऊन ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा चित्रपट निघाला. पुस्तकातून सिनेमात, सिनेमातून टीव्हीवर, टीव्हीवरून पुन्हा सिनेमात. हे सगळं कुठल्याही भांडणाशिवाय झालं. सिनेमा मोठा आणि टीव्ही छोटा, असं चिमणरावाला कुणी सांगितलं नव्हतं.

पुण्यातही याच सुमारास एक गोष्ट घडली होती. प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली होती. दिल्लीत चालणारा टीव्हीच्या प्रशिक्षणाचा विभाग १९७४ मध्ये तिथेच आणण्यात आला. ज्या जमिनीवर ‘संत तुकाराम’ घडला, तिथे आता सिनेमा आणि टीव्ही शेजारीशेजारी शिकवले जाऊ लागले. धोरण आखणाऱ्यांच्या मनात तरी ही दोन सख्खी भावंडं होती.

ऐंशीच्या दशकात हे नातं सर्वांत गोड झालं. टीव्ही रंगीत झाला १९८२ मध्ये. वसंत साठे माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. मेक्सिकोत मालिकांमधून साक्षरता आणि कुटुंबनियोजनाचा प्रचार कसा केला जातो, हे त्यांनी तिथे जाऊन पाहिलं. त्याच धर्तीवर ७ जुलै १९८४ रोजी ‘हमलोग’ सुरू झाली. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेल्या त्या गोष्टीच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी बोलायचे. सिनेमातला वडीलधारा माणूस घरात येऊन विचारपूस करतोय, असं वाटायचं. मग सिनेमाचे दिग्दर्शक एकामागोमाग टीव्हीकडे आले. बासू चटर्जींनी प्रिया तेंडुलकरांना घेऊन ‘रजनी’ केली. कुंदन शाह आणि सईद मिर्झा या फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी ‘नुक्कड’ केली. ‘शोले’वाले रमेश सिप्पी ‘बुनियाद’ घेऊन आले. रामानंद सागर, बी. आर. चोप्रा, श्याम बेनेगल सगळे आले. ‘महाभारता’ची पटकथा आणि संवाद लिहिले राही मासूम रझांनी. हिंदी सिनेमाचे संवाद लिहून हात बसलेला हा कादंबरीकार. बेनेगलांच्या ‘भारत एक खोज’मध्ये शिवाजी महाराज झाले नसीरुद्दीन शाह आणि औरंगजेब झाले ओम पुरी. ही गोष्ट आज मुलांना सांगितली तर त्यांना खरी वाटत नाही. तेव्हा मात्र त्यात कुणाला काही विशेष वाटलं नव्हतं, निदान आमच्या गल्लीत तरी नाही.

या साऱ्या मालिकांत एक समान गोष्ट होती आणि ती महत्त्वाची आहे. त्यांना शेवट होता. दूरदर्शन मालिका मंजूर करायचं ती तेराच्या पटीत. वर्षाचे आठवडे ५२, त्याचा पाव हिस्सा १३. गोष्ट आवडली तर आणखी तेरा. ‘रामायण’ आधी ५२ भागांचं ठरलं होतं, ते ७८ पर्यंत गेलं. पण तेरा असोत की अठ्ठ्याहत्तर, लेखकाला पहिला भाग लिहितानाच ठाऊक असायचं की आपल्याला कुठेतरी पोचायचंय. तेरा हा आकडा कुठल्या कलावंतानं काढलेला नव्हता. तो कचेरीचा आकडा होता. पण त्या सरकारी चौकटीनं मालिकेला सिनेमाच्या जवळ ठेवलं. कारण सिनेमाची सगळी ताकद शेवटात असते. गोष्ट संपते, दिवे लागतात आणि आपण जे पाहिलं त्याचं ओझं घेऊन घरी जातो.

गोविंद निहलानींच्या ‘तमस’मध्ये हे मी स्वतः अनुभवलं. भीष्म साहनींच्या कादंबरीवरची ही साधारण पाच तासांची कलाकृती. तिला सिनेमा म्हणावं की मालिका? जानेवारी १९८८ मध्ये ती दूरदर्शनवर भागाभागानं दाखवली गेली, म्हणून मालिका. पण तिला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाले. राष्ट्रीय एकात्मतेवरचा सर्वोत्तम चित्रपट म्हणून मिळाला, सुरेखा सिक्रींना सहायक अभिनेत्रीचा मिळाला, वनराज भाटियांना संगीताचा मिळाला. म्हणून सिनेमा. मी तेव्हा कॉलेजात होते. फाळणीच्या आधीचा पंजाब, पैसे घेऊन डुक्कर मारणारा गरीब नथू, आणि त्या कलेवराचं पुढे मशिदीच्या पायरीवर सापडणं. दंगल आपोआप होत नाही, ती करवली जाते, हे मला कुठल्याही भाषणापेक्षा त्या पाच तासांनी जास्त स्पष्ट समजावलं. आमच्या घरात तेव्हा अब्बा टीव्हीसमोरून उठून जायचे आणि दारातून उभ्यानं बघायचे. बसून बघवत नाही, पण उठून जाववतही नाही, अशी ती अवस्था होती.

ती बंद पाडण्याचा प्रयत्न झाला. मुंबई उच्च न्यायालयात अर्ज आला, प्रसारणाला तात्पुरती स्थगितीही मिळाली. मग न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी सगळी मालिका स्वतः बसून पाहिली आणि स्थगिती उठवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारीत तिथेही अर्ज फेटाळला गेला. न्यायालयानं त्या वेळी एक जुना मराठी मुलखातला दाखला घेतला. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी सांगून ठेवलं होतं, की शब्दांचा परिणाम जोखायचा तो विचारी, खंबीर माणसाच्या मापानं, पावलोपावली घाबरणाऱ्या माणसाच्या मापानं नव्हे. याच मापानं ‘तमस’ सुटली. म्हणजे १९८८ मध्ये या देशातल्या न्यायालयाचा टीव्ही बघणाऱ्या सामान्य माणसावर एवढा भरवसा होता.

मग शेवट कुठे हरवला? याला तारीख देता येते. १९९० च्या दशकात उपग्रह वाहिन्या आल्या आणि रोजची मालिका आली. हिंदीत ‘शांती’ १९९४ मध्ये सुरू झाली. मराठीत दूरदर्शनवर प्रतीक्षा लोणकरांची ‘दामिनी’ घरोघर पोचली. १५ ऑगस्ट १९९९ रोजी ‘अल्फा मराठी’ सुरू झाली आणि ‘आभाळमाया’नं मराठी घराला रोज रात्री एका ठरलेल्या वेळी बसायची सवय लावली. पुढच्या वर्षी ‘ईटीव्ही मराठी’ आली. ३ जुलै २००० रोजी हिंदीत ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली. त्यानंतर मालिकेचा धर्मच बदलला. आता लेखकाला शेवट माहीत नसतो. शेवट ठरवतात ते दर आठवड्याला येणारे आकडे. आकडे चढते असतील तर गोष्ट संपवणं हा गुन्हा, आणि उतरते असतील तर ती कुठेही, कशीही तोडणं हा व्यवहार.

‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ अशी चालली. तीन हजारांहून अधिक भाग. एका भागात जाहिराती वगळून बावीस मिनिटं धरली तर हे सुमारे अकराशे तास होतात. अडीच तासांचा एक सिनेमा धरला तर चारशे चाळीस सिनेमे! रोहिणी हट्टंगडींसारखी अभिनेत्री, जिनं ‘गांधी’ चित्रपटात कस्तुरबा उभी केली, ती या मालिकेत होती. गुणांची टंचाई नव्हती. टंचाई होती ती परिणामाची. जिथे शेवटच नाही, तिथे कुणाच्याही निर्णयाला किंमत उरत नाही. मेलेला माणूस परत येतो, मोडलेलं लग्न पुन्हा लागतं, पश्चात्ताप झालेली खलनायिका पुढच्या सोमवारी नव्यानं कट रचते. त्याच काळात ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’सारखी आठवड्याची मालिका लोकांच्या मनात ठसली, ती वेळेवर निरोप घेता आला म्हणूनही.

इथे एक गोष्ट मात्र मालिकांच्या बाजूनं सांगायला हवी. सिनेमावाले आणि समीक्षक मालिकांना नावं ठेवतात तेव्हा त्यात बायकांना नावं ठेवण्याचा एक सूर असतो. माझ्या सासूबाईंनी आयुष्यात थिएटरात जाऊन किती सिनेमे पाहिले असतील? दोन्ही हातांची बोटं पुरतील. सिनेमा अंधारात बसून, सगळी कामं सोडून, तिकीट काढून बघायचा असतो. ज्या बाईला कामं सोडता येत नाहीत, तिच्यासाठी तो नसतोच. मालिका ट्यूबलाइटच्या उजेडात, भाकऱ्या थापता थापता बघायची असते. खरं तर ऐकायचीच असते. म्हणून संवाद पुन्हा पुन्हा येतात, म्हणून विजा कडाडतात. स्वयंपाकघरातल्या बाईला कळावं, की आता वळून बघायची वेळ झाली. या अर्थानं मालिका ही सिनेमापेक्षा आम्हा रेडिओवाल्यांना जवळची. सासूबाई मालिकेतल्या माणसांशी भांडायच्या, त्यांची काळजी करायच्या. रोज भेटणाऱ्या माणसाशी होते तशी त्यांची ओळख होती. ही ओळख सिनेमाला कधी साधत नाही. सिनेमा आपल्याला हलवतो आणि निघून जातो. मालिका मुक्कामाला येते.

आणि म्हणूनच माझी तक्रार गंभीर आहे. रोजच्या मालिकेनं शेवट गमावला, पण त्या बदल्यात तिला ओळख करून देण्याची अफाट शक्ती मिळाली. ती शक्ती तिनं कुणाची ओळख करून देण्यासाठी वापरली? वीस-पंचवीस वर्षं एकाच घराची. मोठा वाडा किंवा बंगला, देवघर, जिना, मंगळागौर, गणपती, दिवाळी पाडवा. मला हे सगळं आवडतं. माझं निम्मं बालपण शेजारच्या ओटीवर मोदकांच्या वासात गेलंय. पण त्या घराचं दार बाहेरच्या बाजूला उघडतच नाही. तिथे कुणी कोळी येत नाही, आगरी येत नाही, कातकरी येत नाही. आणि आमच्यापैकी कुणी आलंच, तर ते टोपी घालून, तुटक मराठीत, ‘भाऊ, क्या बात है’ म्हणत येतं. रायगड-रत्नागिरीतल्या मुसलमानाच्या घरात शेकडो वर्षं कोकणी बोलली जाते, अंगाईपासून भांडणापर्यंत, ही साधी गोष्ट मालिका लिहिणाऱ्यांपर्यंत पोचलेली नाही. काही वर्षांपूर्वी नव्या पनवेलच्या बाजूला एका सोसायटीत मी घर बघायला गेले होते. तिथल्या बाई प्रेमानं म्हणाल्या, ‘‘तुम्ही मराठी किती छान बोलता हो!’’ त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांनी आयुष्यभर आम्हाला जसं पडद्यावर ऐकलं होतं, तशी मी बोलले नाही, एवढंच. मी त्यांना सांगितलं, की मी मराठीत कविता लिहिते. त्यांनी चहा केला. घर मात्र नंतर दुसऱ्या कुणाला तरी गेलं.

याच काळात मराठी सिनेमानं काय केलं बघा. ‘श्वास’नं २००४ मध्ये राष्ट्रपतींचं सुवर्णकमळ आणलं, ‘श्यामची आई’नंतर अर्ध्या शतकानं. त्यानंतर सिनेमा घराबाहेर पडला. २००८ च्या ‘टिंग्या’त शेतकऱ्याच्या पोराची मैत्रीण आहे शेजारची रशिदा. रशिदाच्या आजारी नानीवर औषधपाणी होतं, मग माझ्या म्हाताऱ्या बैलाला कसायाला का विकायचं, असा त्या पोराचा प्रश्न आहे. नानी आणि बैल यांना एका तराजूत घालणारा हा प्रश्न शेजाराशिवाय सुचूच शकत नाही. २०१६ च्या ‘सैराट’मध्ये परश्याचा मित्र आहे सल्या, म्हणजे सलीम. तो मित्र आहे आणि मार खातो, बस्स. त्याच्या सलीम असण्यावर सिनेमा एक शब्दही खर्च करत नाही. आणि ‘सैराट’चा तो शेवट! तो शेवट पुढच्या सोमवारवर ढकलता येत नाही. त्याच्याशिवाय तो सिनेमा एक गोड प्रेमकथा झाला असता.

गंमत अशी, की ‘सैराट’च्या मागे उभी असलेली निर्मितीसंस्था त्याच समूहातली, ज्याची वाहिनी रोज संध्याकाळी मालिका दाखवते. पैसा एकाच घरचा. एकेकाळी टीव्ही सिनेमाच्या दारात उभा होता, शनिवार-रविवारच्या चित्रपटासाठी. आता सिनेमा टीव्हीच्या दारात उभा असतो. प्रक्षेपणाचे हक्क विकले जावेत म्हणून, आणि नटांना घेऊन ‘चला हवा येऊ द्या’सारख्या कार्यक्रमात दोन विनोद करून ‘थिएटरात या’ असं सांगता यावं म्हणून. व्यवहार जोडला गेला, पण शहाणपण इकडून तिकडे गेलं नाही.

आता ऐतिहासिक मालिकांकडे येते, कारण खरी कसोटी तिथे आहे. पनवेलहून कर्जतच्या दिशेला निघालं की खालापूर तालुक्यात चौकजवळ नितीन देसाईंनी २००५ मध्ये उभारलेला स्टुडिओ लागतो. ‘जोधा अकबर’साठी तिथे आग्र्याचा किल्ला उभा राहिला. तो चित्रपट आला फेब्रुवारी २००८ मध्ये. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘राजा शिवछत्रपती’ ही मालिका सुरू झाली, तीही देसाईंचीच निर्मिती, तिथेच चित्रित झालेली. एकाच माळावर, एकाच सुताराच्या हातून मोगलांचा दरबार आणि महाराजांचा गड. देसाई २०२३ मध्ये गेले, कर्जाच्या ओझ्याखाली. पण त्या माळानं मला एक गोष्ट शिकवली. भूतकाळ हा प्लायवूडचाच असतो. तो कसा रंगवायचा, ते रंगवणाऱ्याच्या हातात असतं.

‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका सप्टेंबर २०१७ पासून फेब्रुवारी २०२० पर्यंत रोज रात्री चालली. अडीच वर्षं. अमोल कोल्हे संभाजीराजे होते. आमच्या घरी ती रोज लागायची. औरंगजेब अडीच वर्षं आमच्या दिवाणखान्यात येत होता. पण रोज भेटणारा शत्रूसुद्धा माणूस होऊन जातो. तो खोकतो, मुलांवर चिडतो, म्हातारा होतो. मालिका संपली, लोक हळहळले, दुसरी सुरू झाली. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच विषयावर ‘छावा’ हा हिंदी चित्रपट आला. तीन तासांच्या आतला. शेवटी छळाची दीर्घ दृश्यं, मग दिवे लागतात आणि माणसं बाहेर पडतात. मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात दंगल झाली. एक माणूस गेला. या चित्रपटामुळे लोकांच्या मनात औरंगजेबाविषयीचा राग पेटला, असं मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं.

एकटा सिनेमा दंगल घडवतो, असं मी म्हणणार नाही. ‘तमस’ पाहिलेल्या माणसानं तरी तसं म्हणू नये. पैसे देऊन डुक्कर मारून घेणारा कुणीतरी असावा लागतो. संभाजीराजांचं बलिदान दाखवूच नये, असंही मी म्हणत नाही. ते घडलं, ते क्रूर होतं आणि ते आमच्याही शाळेच्या पुस्तकात होतं. मला फक्त दोन माध्यमांमधला फरक दाखवायचा आहे. शेवट ही दुधारी ताकद आहे. ‘तमस’चा शेवट माणसाला स्वतःकडे बघायला लावतो. दुसरा एखादा शेवट त्याला शेजाऱ्याकडे बघायला लावतो. मालिकेकडे मात्र या ताकदीऐवजी वेळ आहे. आणि वेळ असला की गुंतागुंत दाखवता येते. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर १६८१ मध्ये संभाजीराजांच्या आश्रयाला आला, तेव्हा त्याला राजांनी ठेवून घेतलं ते आमच्याच जिल्ह्यात, पालीच्या परिसरात. शिवाजी महाराजांच्या आरमाराचा एक सेनानी होता दौलतखान. १६७९ मध्ये खांदेरीच्या पाण्यात तो इंग्रजांशी लढला. तीन तासांच्या सिनेमाला अशी माणसं आठवायला फुरसत नसते. शेकडो भागांच्या मालिकेला ती असते. फुरसत असूनही वर्षानुवर्षं जिन्यावरून उतरणारी सासूच दाखवायची, याला मी दैवानं दिलेलं वाया घालवणं म्हणते.

आता तिसरं भावंड आलंय. मोबाइलवरची वेब मालिका. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची ‘समांतर’ २०२० मध्ये आली आणि तिनं पुन्हा मोजक्या भागांची गोष्ट आणली. म्हणजे तेरा भागांची जुनी शिस्त फिरून दारात आली. शेवट परत आला, पण ओटी गेली. आता प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात, कानात बोंडं घालून बघतो. अब्बांसारखं दारात उभं राहून बघायला तिथे दारच नाही.

म्हणून मला वाटतं, रोजच्या मालिकेला मोडीत काढणं घाईचं होईल. शहरांच्या कडेनं उभ्या राहिलेल्या उंच इमारतींत शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. आमच्या पनवेलच्या भोवती खारघर, कामोठे, कळंबोली अशी गावंच्या गावं वर चढली आहेत, आणि त्यांत मोहल्ल्यातली ओटी कुठेच नाही. तिथल्या माणसाला आगरी, कोळी, कातकरी, मुसलमान भेटणार कुठे? संध्याकाळी साडेसातला, आठला, साडेआठला, पडद्यावर. मालिका लिहिणाऱ्यांकडे मला उपकार मागायचे नाहीत, आणि आदर्श मुसलमानाची एक सोज्वळ बाहुलीही नकोय. मला हवा आहे एखादा सल्या, एखादी रशिदा, एखादा ‘नुक्कड’मधला कादरभाई. हिशेबात चुकणारा, चहा पाजणारा, खटला हरणारा. तो मराठी बोलावा, कारण तो मराठीच बोलतो.

आणि गोष्टीला शेवट असावा. वर्षानं असो, दोन वर्षांनी असो. कारण ज्या गोष्टीला संपायचं नसतं, तिला कुणालाच उत्तर द्यावं लागत नाही.